एकेक गोळी बरोबर, बेरीज चुकीची

धोतऱ्याच्या बिया पोटात गेलेला माणूस दवाखान्यात आणला की अनुभवी डॉक्टरला रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. जीभ कोरडी ठणठणीत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं पण घामाचा टिपूस नाही, नाडी धावती, लघवी अडलेली, आणि माणूस हवेतलं काहीतरी चिमटीत पकडत बरळत असतो. धोतऱ्यातली ॲट्रोपीन, स्कोपोलामीन ही द्रव्यं शरीरातल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या निरोप्याला दारातच अडवतात, म्हणून हे सगळं एकदम होतं.

सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, पोटातल्या कळेवर घेतात ते डायसायक्लोमीन, पायांच्या जळजळीसाठी रात्री दिलेलं ॲमिट्रिप्टिलीन, सारखी लघवी लागते म्हणून लिहिलेलं सॉलिफेनासिन, खाजेसाठीचं हायड्रॉक्सिझीन ही औषधं तोच निरोप्या अडवतात, फक्त पुष्कळ कमी प्रमाणात. एकट्या गोळीने तोंडाला थोडी कोरड पडते, डोळ्यांवर झापड येते, इतकंच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या डब्यात अशा तीन-चार गोळ्या एकत्र आल्या, की धोतऱ्याचं तेच चित्र मंद रंगात उमटतं. ते इतकं हळूहळू उमटतं, की घरच्यांना ते म्हातारपणच वाटतं.

या औषधांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात आणि त्यांच्या एकत्र परिणामाला अँटिकोलिनर्जिक भार. तो लक्षात न येण्याचं कारण साधं आहे. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी बरोबर लिहिलेली असते, लघवीच्या डॉक्टरांनी त्यांची, त्वचेच्या डॉक्टरांनी त्यांची. मेडिकलमधून घरच्यांनी आणलेली सर्दीची गोळी तर कुठल्याच चिठ्ठीवर नसते. बेरीज कोणत्याही एका कागदावर लिहिलेली नसते. ती कुणीतरी बसून करावी लागते.

निरोप्या अडला की कुठे काय होतं

लाळेच्या ग्रंथी, आतडी, मूत्राशयाचा स्नायू, घामाच्या ग्रंथी, डोळ्याची बाहुली, हृदयाचा वेग सावकाश ठेवणारी नस आणि मेंदूतले लक्ष व स्मृती सांभाळणारे भाग, या सगळ्यांना ॲसिटिलकोलीनचा निरोप लागतो. तो पोचला नाही की लाळ आटते. कवळी हिरड्यांवर बसेनाशी होते, भाकरीचा घास घोळवता येत नाही, दात किडतात, जिभेवर बुरशीचा पांढरा थर येतो. आतडी मंदावतात आणि कोठा जड होतो. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. जवळचं अक्षर पुसट दिसतं, म्हणून रोज पेपर वाचणारे आजोबा पेपर बाजूला ठेवतात आणि घरचे म्हणतात, ‘आता त्यांना रस राहिला नाही.’

घामाचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष जपायचा. चंद्रपूर, अकोला, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य उपाय घाम हाच असतो. घाम आटवणारी दोन औषधं आणि त्यांच्या जोडीला लघवी वाढवणारी एक गोळी घेणारी व्यक्ती घरात बसूनही उष्माघाताच्या जवळ जाऊ शकते. उन्हाळा लागण्याआधी औषधांचा डबा तपासायला हवा, तो याचसाठी.

मेंदूवरचा परिणाम दोन तऱ्हांचा. एक हळू चालणारा: नावं आठवत नाहीत, बोलताना धागा सुटतो, पाय अडखळतात, रात्री उठताना तोल जातो. दुसरा अचानक येणारा गोंधळ, ज्याला डेलिरियम म्हणतात. यात आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. पण वृद्धांमध्ये शांत डेलिरियमही पुष्कळ असतो: माणूस गप्प पडून राहतो, जेवत नाही, विचारलं तर अर्धवट उत्तर देऊन डोळे मिटतो. हा डेलिरियम नजरेतून सुटतो, कारण असा रुग्ण कुणाला त्रास देत नाही. घरच्या घरी एक साधी परीक्षा घेता येते: आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचे. कालपर्यंत जे सहज जमत होतं ते आज दोन वारांनंतर अडलं, तर ते वयामुळे नव्हे. वय एका रात्रीत वाढत नाही.

त्याच गोळीने तरुणाला काही होत नाही, ते का

म्हातारपणी मेंदूतली ॲसिटिलकोलीनची शिल्लक मुळातच कमी झालेली असते आणि स्मृतिभ्रंशात तर ती फारच खालावते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदाही पूर्वीइतका घट्ट राहत नाही. यकृत औषध सावकाश मोडतं. आणि मूत्रपिंडाचं काय झालंय हे रिपोर्टवरून पटकन कळत नाही. इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वाधिक फसवणूक इथेच होते.

समजा 74 वर्षांच्या बाई आहेत, वजन 48 किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने रक्तातून काढून टाकायचं टाकाऊ द्रव्य) 1.1. रिपोर्टवर हा आकडा बहुधा नॉर्मलच्या रांगेत असतो. आता मूत्रपिंडं मिनिटाला किती गाळतात याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र वापरून पाहा: 140 मधून वय वजा करा, वजनाने गुणा, त्याला 72 गुणिले क्रिएटिनिनने भागा, स्त्री असेल तर 0.85 ने गुणा. 66 गुणिले 48 म्हणजे 3168. भागिले 79.2, म्हणजे 40. गुणिले 0.85, म्हणजे मिनिटाला 34 मिलिलिटर. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे ‘किडनी नॉर्मल’ असलेल्या या बाईंच्या मूत्रपिंडाचं काम तिसऱ्या हिश्श्यावर आलेलं आहे. स्नायू कमी झाले की क्रिएटिनिन तयारच कमी होतं, म्हणून रक्तातला आकडा साळसूद दिसतो. 34 या पातळीला लेव्होसेटिरिझीनसारखी साधी ॲलर्जीची गोळीही रोज न देता एक दिवसाआड द्यावी लागते. प्रत्यक्षात ती महिनोन्महिने रोज रात्री 5 मिलिग्रॅम चालू असते.

गुण कसे मोजतात

सर्वाधिक वापरली जाणारी पट्टी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये मांडली आणि 2012 मध्ये सुधारली. तिचं नाव अँटिकोलिनर्जिक कॉग्निटिव्ह बर्डन स्केल, थोडक्यात एसीबी. प्रत्येक औषधाला 0 ते 3 गुण. प्रयोगशाळेत निरोप्याला अडवण्याची क्षमता दिसली, पण माणसात ठोस परिणाम सिद्ध नाही, तर 1. माणसात परिणाम दिसतो, तर 2. त्याहून पुढे औषध मेंदूपर्यंत पोचतं किंवा डेलिरियमशी त्याचा संबंध आढळला आहे, तर 3. सगळ्या औषधांचे गुण मिळवायचे. बेरीज 3 किंवा त्याहून जास्त आली की औषधांचा नीट आढावा घ्यायचा.

3 गुणांच्या रांगेत ॲमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, डॉक्सेपिन, पॅरोक्सेटीन, क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन, हायड्रॉक्सिझीन, प्रोमेथाझीन, डायसायक्लोमीन, ऑक्सिब्युटिनीन, टॉल्टेरोडीन, सॉलिफेनासिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, ओलान्झापीन, क्विटियापीन, क्लोझापीन ही नावं येतात. 2 गुणांत कार्बामाझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन, अमान्टाडीन, आणि भूक वाढवायला देतात ते सायप्रोहेप्टाडीन. 1 गुणाची यादी लांब आहे: मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, फ्युरोसेमाइड, डिगॉक्सिन, वॉरफॅरिन, अल्प्राझोलाम, डायझेपाम, थिओफिलिन, रॅनिटिडीन, सेटिरिझीन, लेव्होसेटिरिझीन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल वगैरे.

आता वरच्याच बाईंचा डबा उघडू. हे उदाहरण रचलेलं आहे, पण असे डबे घरोघरी सापडतात.

टेल्मिसार्टन, रक्तदाबासाठी: 0
ॲटॉरव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉलसाठी: 0
मेटोप्रोलॉल, हृदयासाठी: 1
ॲमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम, पायांच्या जळजळीसाठी: 3
सॉलिफेनासिन 5 मिलिग्रॅम, सारखी लघवी लागते म्हणून: 3
लेव्होसेटिरिझीन, खाजेसाठी: 1
अल्प्राझोलाम 0.25 मिलिग्रॅम, झोपेसाठी: 1
सर्दीची गोळी, क्लोरफेनिरामीन असलेली, स्वतःच आणलेली: 3

बेरीज 12. एकही गोळी मुळात वेडीवाकडी नाही, प्रत्येकीमागे तक्रार आहे. तरीही या बाई सर्दीच्या तिसऱ्या दिवशी रात्री उठून स्वयंपाकघरात बाथरूम शोधू लागल्या, तर आश्चर्य वाटायला नको. आणि त्या रात्रीचं खापर सर्दीच्या गोळीवर एकटीवर फोडणंही चूक ठरेल. ती शेवटची 3 होती. आधीचे 9 तिथे बसूनच होते.

पट्टी कुठे फसते

आकडा दिसला की त्यावर फार विश्वास बसतो, म्हणून पट्टीच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली, मात्रा. ॲमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम घ्या की 75, एसीबी दोन्हींना 3 च देते. मात्रा धरणारी दुसरी पद्धत आहे, ड्रग बर्डन इंडेक्स, 2007 ची. तिच्यात रोजची मात्रा भागिले (रोजची मात्रा अधिक किमान प्रभावी मात्रा) असं गणित असतं. किमान मात्रेइतकं औषध घेतलं तर 0.5, दुप्पट घेतलं तर 0.67, निम्मं घेतलं तर 0.33. ही पद्धत झोप आणणारी औषधंही मोजते. तोल जाऊन पडण्याचा प्रश्न असेल तेव्हा आमच्या मते तीच जास्त उपयोगी.

दुसरी, पट्ट्यांचं आपसात पटत नाही. एसीबीमध्ये पॅरोक्सेटीन आणि क्विटियापीन 3. त्याच 2008 सालच्या अँटिकोलिनर्जिक रिस्क स्केलमध्ये दोन्ही 1. सेटिरिझीन पहिल्या पट्टीत 1, दुसऱ्या पट्टीत 2. त्यामुळे एकदा एक पट्टी धरली की पुढच्या भेटींतही तीच धरायची, नाहीतर औषध न बदलता गुण बदललेले दिसतील. सारखी लघवी लागते त्यावरच्या ट्रोस्पियमचं उदाहरण तर बोलकं आहे. त्याच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असल्यामुळे ते मेंदूत फारसं शिरत नाही, तरी एसीबीत त्याला 3 आहेत. आतड्याच्या कळेसाठीचं हायोसीन ब्युटिलब्रोमाइड आणि भूलतज्ज्ञ वापरतात ते ग्लायकोपायरोलेट यांचंही तसंच: मेंदूला कमी धोका, पण मूत्राशयाला आणि आतड्याला धोका असतोच.

तिसरी मर्यादा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. या याद्या तिकडच्या औषधांवरून बनल्या. आपल्याकडची काही औषधं आणि एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या असंख्य जोडगोळ्या त्यांत सापडत नाहीत. यादीत नाही याचा अर्थ शून्य असा होत नाही. फेनिरामीन, म्हणजे घरोघरी माहीत असलेली एव्हिल, तुमच्या हातातल्या यादीत नसेल तर तिला सख्ख्या नात्यातल्या क्लोरफेनिरामीनसारखीच धरा.

चौथी: 1 गुणाची औषधं गुण कमी करायला म्हणून काढायची नसतात. मेटोप्रोलॉल अचानक बंद केलं तर छातीत दुखू शकतं, हृदयाचा झटकाही येऊ शकतो. एका गुणासाठी हा सौदा कुणीही करू नये. लक्ष 3 वाल्यांकडे द्यायचं.

आणि स्मृतिभ्रंशाचं काय, हा प्रश्न लोक हमखास विचारतात. 2015 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमधल्या अभ्यासात 65 वर्षांवरच्या 3434 जणांना सरासरी 7.3 वर्षं पाहिलं. ज्यांचा एकूण वापर तीन वर्षं रोज किमान प्रभावी मात्रेहून जास्त भरला, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या तुलनेत दीडपटीला जरासं वर निघालं. किमान मात्रा म्हणजे किती, तर ऑक्सिब्युटिनीन 5 मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामीन 4 मिलिग्रॅम. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या 40,770 स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नैराश्याच्या, मूत्राशयाच्या आणि पार्किन्सनच्या 3 गुणांच्या औषधांचा संबंध दिसला. पोटाच्या औषधांचा तसा दिसला नाही. हे नोंदींवरचे अभ्यास आहेत. स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीच्या काळात झोप उडते, मन खचतं, लघवीवरचा ताबा जातो, आणि त्यासाठीच ही औषधं सुरू होतात, ही शक्यता त्यांतून पूर्ण निघत नाही. म्हणून ‘या गोळीने आईला विसरभोळं केलं’ असं म्हणून मुलांनी स्वतःला दोष देत बसू नये. आज जो गोंधळ, जी झापड, जी कोरड दिसते आहे, ती मात्र औषध कमी केल्यावर बरीच ओसरू शकते. निर्णय घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी

भार वाढतो तो बरेचदा साखळीने. पहिल्या औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध येतं.

आपल्याकडची एक साखळी फार दिसते. गॅस-पित्तासाठी रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल सुरू होते. ती काही आठवड्यांसाठी होती, पण गुण आला म्हणून चालूच राहते. लेव्होसल्पिराइड डोपामीन अडवतं, म्हणजे मेंदूत हालचाली सांभाळणारा दुसरा निरोप्या. महिन्यांनी हात थरथरू लागतो, चाल लहान पावलांची होते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. हा पार्किन्सनच समजून ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू होतं. त्याने कोठा बांधतो, विसर वाढतो. कोठ्यासाठी जुलाबाचं औषध, विसरासाठी डोनेपेझिल. आता डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन वाढवायला बघतं आणि ट्रायहेक्सिफेनिडिल त्यालाच अडवतं. एका पायाने ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याने ब्रेक. चक्करेसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या सिनारिझीननेही ही साखळी अशीच सुरू होते.

दुसरी साखळी: रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, सुजेवर लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, त्याने सारखी लघवी, लघवीवर सॉलिफेनासिन. इथे शेवटची कडी काढून भागत नाही. रक्तदाबाच्या डॉक्टरांशी पहिल्या कडीबद्दल बोलावं लागतं. तिसरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमधली: डोनेपेझिलनेच लघवीवरचा ताबा सुटतो आणि त्यावर टॉल्टेरोडीन येतं. म्हणून प्रत्येक गोळीपुढे ती कोणत्या तारखेला सुरू झाली हे लिहायचं. साखळी नावांवरून ओळखू येत नाही, तारखांवरून ओळखू येते.

आढावा घ्यायला बसताना

एक मोठी पिशवी घ्या आणि घरात असेल ते सगळं तिच्यात टाका. चालू स्ट्रिपा, अर्धवट उरलेल्या स्ट्रिपा, खोकल्याची बाटली, डोळ्यांचे थेंब, इनहेलर, देवघराच्या फळीवरची ‘चक्कर आली तर’ची गोळी, प्रवासात उलटीसाठी घेतात ती, आणि कुणी दिलेल्या पुड्या. आयुर्वेदिक बाटल्याही टाका: दम्यासाठी घेतात त्या कनकासवातला कनक म्हणजे धोतराच. पिशवी भरताना ‘हे काय औषध आहे का’ असा विचार करू नका. बहुतेक वेळा गुन्हेगार तिथेच लपलेला असतो.

मग स्ट्रिपवरचं ब्रँडचं मोठं नाव सोडून घटकांची ओळ वाचा. इथे सर्वाधिक चुका होतात. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामीन अशी तिघांची मोट असते. मासिक पाळीच्या किंवा पोटाच्या दुखण्याच्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमीन. नसांच्या ‘व्हिटॅमिन’च्या गोळीत मिथाइलकोबालामिन आणि प्रीगाबालिनबरोबर नॉरट्रिप्टिलीन. मनाच्या शांतीसाठीच्या गोळीत क्लोरडायझेपॉक्साइडबरोबर ॲमिट्रिप्टिलीन. प्रोस्टेटच्या गोळीत टॅम्सुलोसिनबरोबर टॉल्टेरोडीन किंवा सॉलिफेनासिन. ‘मी फक्त व्हिटॅमिन घेतो’ असं सांगणारे काका खरं तेच सांगत असतात, पण त्यांच्या व्हिटॅमिनला 3 गुण असतात. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 च्या अखेरीस सांगितलं. पंचाहत्तरीच्या आजींसाठी तितक्याच ठळक इशाऱ्याची गरज आहे असं आम्हाला वाटतं.

पाच रकाने आखा: घटकाचं नाव, मात्रा आणि वेळ, कशासाठी, कधीपासून, कुणी लिहिलं. ‘कशासाठी’ रिकामा राहिला तर ते औषध सर्वांत आधी चर्चेला घ्यायचं.

यानंतरचं काम डॉक्टरांचं. ते जीभ बघतील, ओटीपोट दाबून बघतील. पुरुषांमध्ये प्रोस्टेटची तक्रार असेल तर लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली हे सोनोग्राफीत मोजायला सांगतील. 200 मिलिलिटरच्या वर उरत असेल तर लघवी रोखणारं औषध पुढे चालवणं धोक्याचं. बसून आणि उभं राहून रक्तदाब, क्रिएटिनिन आणि वर दाखवलेलं गणित, सोडियम, बी-12, डोळ्यांचा दाब. आणि अलीकडे कुठलं नवं औषध मिसळलं का, हेही विचारतील. नायट्यासाठी दिलेलं इट्राकोनॅझोल किंवा छातीच्या संसर्गासाठीचं क्लॅरिथ्रोमायसिन रक्तात सॉलिफेनासिनची पातळी वाढवतं. पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन ॲमिट्रिप्टिलीनची वाढवतात. डबा तोच, गुण तेच, आणि माणूस अचानक बिघडतो, त्यामागे बरेचदा असा पाहुणा असतो.

त्याऐवजी काय

सर्दीसाठी पॅरासिटामॉल, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब आणि विश्रांती. ॲलर्जीचं नाक असेल तर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे किंवा फेक्सोफेनाडिन. खाज असेल तर आधी खरूज नाही ना हे पाहा, कारण वृद्धांमध्ये ती नजरेतून सुटते आणि महिनोन्महिने हायड्रॉक्सिझीन चालू राहतं. खरूज नसेल तर थंडीत कोरड्या पडलेल्या कातडीला अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं मलम पुष्कळ पुरतं.

लघवीच्या तक्रारीत आधी संसर्ग आणि बद्धकोष्ठता बाजूला काढायची. भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं. संध्याकाळचा चहा कमी करा, लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्या, दर दोन-तीन तासांनी घड्याळ लावून जाऊन या, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम करा. हे सहा आठवडे चिकाटीने करून पाहायला हवं. औषध लागलंच तर मिराबेग्रॉन निरोप्याला अडवत नाही. मात्र रक्तदाब 180/110 किंवा त्याहून वर असेल तर ते चालत नाही, आणि सुरू केल्यावर रक्तदाब तपासत राहावं लागतं.

नसांच्या दुखण्यात ड्युलॉक्सेटीन, लिडोकेनचं मलम, किंवा मूत्रपिंड पाहून कमी मात्रेत प्रीगाबालिन. प्रीगाबालिननेही झापड येते आणि तोल जातो, त्यामुळे ती बिनधोक अदलाबदल समजू नये. मधुमेहात मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर पायांच्या जळजळीमागे बी-12 ची कमतरता असू शकते; ती भरली तर गोळीची गरजच घटते. नैराश्यात पॅरोक्सेटीनऐवजी सर्ट्रालिन, पण वृद्धांमध्ये त्यानेही सोडियम उतरू शकतं, म्हणून काही आठवड्यांत ते तपासायचं. कूस बदलताना गरगरणारी चक्कर बहुधा कानातल्या कणांची असते. डोकं ठराविक क्रमाने वळवून बसवण्याची इप्लीची पद्धत तिच्यावर काही मिनिटांत काम करते. तिथे महिनाभराच्या गोळ्या कशाला?

कमी कसं करायचं

एका वेळी एकच औषध. दोन एकदम काढली आणि त्रास झाला, तर कशामुळे झाला हे कळत नाही. आमच्या उदाहरणातल्या बाईंची सर्दीची गोळी लगेच थांबवता येईल. चार दिवसांची गोळी टप्प्याटप्प्याने उतरवावी लागत नाही. तेवढ्याने 12 चे 9 झाले. मग सॉलिफेनासिन, मग ॲमिट्रिप्टिलीन. वर्षानुवर्षं चाललेलं औषध साधारण एक ते चार आठवड्यांच्या टप्प्याने, दर टप्प्याला पाव ते निम्मी मात्रा कमी करत उतरवतात. एकदम तोडलं तर इतके दिवस अडलेला निरोप्या मोकाट सुटतो: मळमळ, घाम, जुलाब, झोप उडणं, बेचैनी. हे आठवडाभर चालू शकतं आणि ‘बघा, औषधाची गरज होतीच’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अल्प्राझोलाम अचानक थांबवल्यास फीटही येऊ शकते. कार्बामाझेपीन, ओलान्झापीन, क्लोझापीन, ट्रायहेक्सिफेनिडिल ही मेंदूच्या आणि मनाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवायचीच नाहीत, गुण कितीही येवोत.

प्रत्येक बदलानंतर दोन ते चार आठवडे एका वहीत चार गोष्टी लिहा: शौचाला झालं का, रात्री किती वेळा उठल्या, तोंडाची कोरड, आणि ज्या तक्रारीसाठी ते औषध होतं ती तक्रार. चौथी गोष्ट विसरू नका. दुखणं परत आलं आणि ते सोसवत नसेल, तर कमी मात्रेवर परतणं हा पराभव नाही. शून्य गुण हे ध्येय नसतं.

थांबू नये अशा वेळा: बारा तास लघवी झाली नाही किंवा त्याआधीच ओटीपोट फुगून दुखू लागलं; अंग तापलेलं, त्वचा कोरडी आणि बोलणं असंबद्ध; डोळा लाल, ठणकता, दिव्याभोवती कडी दिसतात; पोट फुगलं, वारा सरत नाही आणि उलट्या होतात. यांपैकी काहीही झालं तर 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं, पिशवी सोबत घेऊन.

तीच यादी रुग्णालयात दाखल होतानाही हवी. हिपचं हाड मोडून ऑपरेशनला गेलेल्या आजोबांना रक्त चढवण्याआधी फेनिरामीनचं इंजेक्शन, झोपेसाठी प्रोमेथाझीन अशी भर सहज पडते, आणि तिसऱ्या रात्री ते सलाइन उपटतात. पूर्वी कुठल्या औषधाने गोंधळ झाला होता ते यादीच्या सगळ्यात वर, ॲलर्जीच्या शेजारी लाल शाईने लिहा आणि रात्रपाळीच्या सिस्टरना स्वतः दाखवा. कारण रात्री दोन वाजता इंजेक्शन भरायला घेतील त्या त्याच.